थांबून पाहावे

दिवाळी जवळ आली, की आमच्या वसई-विरारच्या अंगणांत आणि चाळींच्या पुढ्यात किल्ल्यांची कामे सुरू होतात. दगड, विटांचे तुकडे आणि जुनी गोणपाटे रचून त्यांवर चिखल लिंपला, की डोंगर तयार होतो. त्यावर हळीव पेरले, की चार दिवसांत हिरवळ डोकावू लागते. मग बाजारातून आणलेले मातीचे मावळे पायवाटेवर उभे राहतात. ज्या वसईचा खराखुरा किल्ला चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला, तेथील मुलांना या खेळाचे वेड असावे, यात नवल ते काय! पुढे डिसेंबर महिना उजाडला, की याच वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांतून नाताळचे गोठे उभारले जातात. तेथेही तीच माती, तेच गवत आणि तशाच लहान लहान मूर्ती. सण निराळे, परंतु चिखलाने माखलेले मुलांचे हात मात्र सारखेच.

किल्ला करणाऱ्या एखाद्या मुलाकडे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? तो मावळ्याला दोन बोटांनी उचलतो, एक पायरी वर ठेवतो आणि क्षणभर थांबतो. पुन्हा उचलतो, पुन्हा एक पायरी वर ठेवतो. मावळा मातीचा आहे, हे त्याला पुरते ठाऊक असते. तरीही तो मावळा घसरून पडला आणि त्याचा हात मोडला, तर त्या मुलाच्या तोंडून "अरेरे!" असा उद्गार निघाल्यावाचून राहत नाही. निर्जीव मातीच्या दुःखाने जिवंत मनाला कळवळा यावा, ही साधी गोष्ट नव्हे. याच कळवळ्यावर एक मोठी कला उभी राहिली आहे, आणि त्या कलेविषयीच मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या कलेला 'स्टॉप-मोशन' असे इंग्रजी नाव आहे. तिच्यातून निघालेल्या चित्रपटांना आपण सोयीसाठी 'बाहुलीपट' म्हणू. चित्रपट म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची मालिकाच होय. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे एकामागून एक येऊन जातात आणि आपल्या डोळ्यांना त्यांत हालचाल दिसते. नेहमीच्या चित्रपटात नट चालत असतो आणि कॅमेरा त्याची चित्रे घेत जातो. बाहुली मात्र आपण होऊन चालत नाही. म्हणून कलावंत तिचा पाय केसभर पुढे सरकवतो, बाजूला होतो आणि एक चित्र घेतो. पुन्हा पाय केसभर सरकवतो, पुन्हा एक चित्र घेतो. पुष्कळ बाहुल्यांच्या आत सांध्यासांध्यांतून वळणारा धातूचा सांगाडा बसविलेला असतो. त्यामुळे दिलेली ठेवण तशीच टिकून राहते.

आता तुम्हीच हिशेब करून पाहा. दहा मिनिटांच्या चित्रपटाला १४,४०० चित्रे लागतात. प्रत्येक ठेवण दोन दोन चित्रांपुरती चालवून घेतली, तरी बाहुलीला ७,२०० वेळा हात लावावा लागतो. दिवसभर राबून एका कलावंताच्या हातून पडद्यावरचे काही थोडे सेकंदच पुरे होतात. बाहुलीने नुसती मान वर करून आईकडे पाहावयाचे असले, तरी त्या एका दृष्टिक्षेपासाठी कलावंताला कितीतरी वेळा थांबावे लागते, वाकावे लागते आणि पुन्हा पाहावे लागते.

ही कला परदेशांत अधिक वाढली, हे खरे. परंतु ती आपल्या भूमीला परकी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करीत आले आहेत. लाकडाच्या बाहुलीच्या दुःखाने डोळे पुसणारे प्रेक्षक आपल्या गावांना नवे नाहीत. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आणला, हे तुम्ही वाचले असेल. त्याच्या आधी त्यांनी एक छोटासा प्रयोग केला होता. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्यांनी तिच्यापुढे कॅमेरा मांडला आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत महिनाभर तो उद्योग चालविला. पडद्यावर ते चित्र धावू लागले, तेव्हा बी रुजून त्याचा वेल झरझर वाढताना लोकांनी पाहिला. पुढे त्यांनी आगकाड्यांनाही बाहुल्यांप्रमाणे खेळविले. त्या लघुपटाचे नाव 'आगकाड्यांची मौज'. जे नेहमीच्या डोळ्यांना दिसत नाही, ते थांबून थांबून पाहिले म्हणजे दिसू लागते, हे फाळक्यांनी एका वाटाण्याच्या बियातून दाखवून दिले होते.

इतके कष्ट करून मग सांगावयाचे तरी काय? राजे, राक्षस, युद्धे आणि जादूच्या गमती यांच्या कथा सांगाव्यात, असे कोणालाही वाटेल; आणि तसे बाहुलीपट पुष्कळ झालेही आहेत. परंतु या कलेतील काही अत्यंत सुंदर कृतींनी निराळाच विषय निवडला आहे. ज्यांचे बालपण सुखाचे नाही, अशा मुलांच्या कथा त्यांनी सांगितल्या आहेत. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या कलेने सगळ्यांत दुर्लक्षित मुलांकडे वळावे, हा मला योगायोग वाटत नाही. असे मला का वाटते, हे सांगण्यासाठी प्रथम माझ्याच एका चुकीची हकिकत सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत बायकांच्या डब्यात मी बसले होते. वसई रोड स्थानकावर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी डब्यात चढली. पुठ्ठ्यावर लावलेल्या टिकल्यांची पाकिटे आणि केसांचे चाप घेऊन ती बाकाबाकापुढे उभी राहत होती. माझ्यापुढे ती दोनदा थांबली. "घ्या ना, ताई," असेही म्हणाली. मी हातातल्या पुस्तकातून मान वर न काढता, नुसता हात हलवून तिला पुढे जाण्यास सुचविले. खाडीचा पूल ओलांडून गाडी भाईंदरला आली, तेव्हा ती उतरून गेली. तिचा चेहरा कसा होता, असे कोणी मला विचारले, तर मला सांगता येणार नाही. कारण मी तो पाहिलाच नव्हता.

पुढे एके दिवशी 'टोकरी' नावाचा बाहुलीपट माझ्या पाहण्यात आला. मुंबईचे कलावंत सुरेश एरियत यांनी तो दिग्दर्शित केला आहे. २०१७ या वर्षासाठीचा उत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला. जेमतेम पाव तासाची ती कथा. परंतु ती पुरी करावयास कित्येक वर्षे लागली. मुंबईत राहणाऱ्या, बेताची परिस्थिती असलेल्या एका घरातील लहान मुलीची ती गोष्ट आहे. वडिलांनी जिवापाड जपलेले घड्याळ तिच्या हातून बिघडते. आपली चूक आपणच निस्तरावी, असे त्या इवल्या जिवाला वाटते. म्हणून ती आपल्या हातांनी टोपल्या तयार करते आणि त्या विकण्यासाठी रहदारीच्या चौकात जाऊन उभी राहते. पुढे काय होते, ते मी येथे सांगत नाही. ते तुम्ही स्वतःच पाहावे.

मला त्या चित्रपटाने काय दिले, तेवढे मात्र सांगते. चौकातून जाणाऱ्या गाड्यांतील माणसांना ती टोपल्या विकणारी एक पोर दिसते. प्रेक्षकाला मात्र ती दुसऱ्याच रूपाने दिसत असते. कारण तिच्या घरात काय घडले, वडिलांचे घड्याळ तिला एवढे मोलाचे का वाटते, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. गाडीच्या काचेपलीकडून जो तिला हाताने दूर सारतो, त्याचा आपल्याला राग येतो. मलाही तो आला. आणि त्याच क्षणी मला वसई रोडची ती मुलगी आठवली. पडद्यावर ज्याचा मला राग आला होता, तसाच हात त्या दिवशी डब्यात माझाही हलला होता. तिचेही काही घर असेल, तिच्याही मनात एखादे बिघडलेले घड्याळ टिकटिकत असेल, हा विचार मला शिवलासुद्धा नव्हता. त्या दिवशी मी काही विकत घेतले नाही, याचे मला आज तितकेसे वाईट वाटत नाही. मी मान वर केली नाही, याचे मात्र वाटते.

दुसरी कथा दूरच्या युरोप खंडातील आहे. स्वित्झर्लंडचे दिग्दर्शक क्लोद बारास यांनी २०१६ साली 'माय लाइफ अ‍ॅज अ कूर्झेट' या नावाने जगभर गेलेला बाहुलीपट फ्रेंच भाषेत केला. कूर्झेट म्हणजे काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या कुळातील एक भाजी. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाला त्याची आई त्या नावाने हाक मारी. वडील घर सोडून गेलेले; आई व्यसनाच्या आहारी गेलेली. एका दुर्दैवी अपघातात आईही दगावते आणि मुलगा एकटा पडतो. रेमों नावाचा एक पोलीस त्याला बालगृहात पोहोचविण्यासाठी नेतो. त्या वेळी मुलाजवळ दोनच वस्तू असतात. एक पतंग, ज्यावर त्याने आपल्या वडिलांचे चित्र काढलेले आहे. आणि एक रिकामा डबा, जो आईच्या हातात नेहमी असे. लोकांच्या लेखी तो डबा म्हणजे तिच्या व्यसनाचा पुरावा. परंतु मुलाच्या लेखी ती आईची एकमेव आठवण. चित्रपट त्या डब्याला हसत नाही आणि आईला दूषणही देत नाही. मुलगा पोलिसाच्या मोटारीच्या खिडकीतून पतंग बाहेर सोडतो, आणि तो पोलीस त्याला तसे करू देतो. येथे कोणी उपदेशाचे शब्द बोलत नाही; त्या एका कृतीतच त्या माणसाचे अंतःकरण आपल्याला समजते.

बालगृहातील प्रत्येक मुलाची कर्मकथा वेगळी आहे. कोणाचा बाप तुरुंगात आहे. एका मुलीची आई परदेशी पाठविली गेली आहे. दारात मोटार थांबली, की आईच आली असे वाटून ती धावत सुटते. दुसरी एक मुलगी केसांची झुलपे चेहऱ्यावर ओढून त्यांच्याआड लपते. सिमों नावाचा मुलगा नव्या मुलाला पहिल्याच दिवसापासून सतावू लागतो. शाळेत असा एखादा मुलगा तुमच्याही ओळखीचा असेल. परंतु हळूहळू आपल्याला कळते, की सर्वांच्या दुःखाची खडान्‌खडा माहिती या दांडगट मुलालाच आहे. तोच ती मनात वागवीत असतो. शेवटी तो पोलीस कूर्झेटला आणि त्याची मैत्रीण कामीय हिला आपल्या घरी कायमचे नेऊ इच्छितो. मित्रांना सोडून जाण्यास कूर्झेटचे मन घेत नाही. त्या वेळी सिमोंच त्याला जाण्यास भाग पाडतो. कारण एवढ्या वयाच्या मुलांना कोणी घरी नेत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. ज्याला स्वतःला कोणी न्यावयास येणार नाही, तोच दुसऱ्याला "जा" म्हणतो. मित्रप्रेमाची याहून मोठी गोष्ट मी क्वचितच पाहिली आहे.

या बालगृहात भिंतीवर एक तक्ता आहे. आपण हवामानाचा तक्ता पाहतो ना, तसा. ऊन, ढग, पाऊस, वादळ अशी चित्रे त्यावर असतात. प्रत्येक मुलाने आपल्या मनात आज कोणते हवामान आहे, ते त्या तक्त्यावर दाखवावयाचे. मनात वादळ असणे हा तेथे अपराध नसतो. ते सांगता येणे एवढेच पुरेसे असते. आपल्या वर्गावर्गांतून असा तक्ता असता, तर केवढे बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

येथे काही वडीलधारी माणसे एक आक्षेप घेतील. ती म्हणतील, "मुलांना असल्या दुःखाच्या कथा दाखवाव्यातच कशाला? बालपण चार दिवसांचे; ते हसतखेळत जाऊ द्यावे." या म्हणण्यामागील माया मला समजते. भय वाटेल असे क्रूर काही मुलांपुढे ठेवू नये, हेही मला मान्य आहे. परंतु मुलांना दुःखाची वार्ताच असू नये, हे म्हणणे मात्र मला पटत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात सगळ्यांच्या घरी सुख असते, असे कोण छातीठोकपणे सांगू शकेल? कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाच्या घरी रोजचे भांडण असते, कोणाची आई दूरगावी कामाला गेलेली असते. अशा मुलाला नुसत्या आनंदाच्याच कथा सांगितल्या, तर त्याला काय वाटेल? सगळे जग सुखात आहे आणि आपणच तेवढे वेगळे आहोत, असेच ना? याउलट पडद्यावरच्या बाहुलीला आपल्यासारखेच दुःख आहे, हे त्याने पाहिले, म्हणजे त्याचा एकटेपणा थोडा तरी कमी होतो. आणि ज्याच्या घरी सुख आहे, त्याला शेजारच्या बाकावरील मुलाचे मौन वाचता येऊ लागते.

"मग खऱ्या मुलांचेच चित्रपट का दाखवू नयेत? बाहुल्या कशाला हव्यात?" असाही प्रश्न तुम्ही विचाराल. खऱ्या मुलांना घेऊन केलेले उत्तम चित्रपट आहेतच. परंतु बाहुलीचे काही विशेष गुण आहेत. पहिला हा, की बाहुलीला रडविताना कोणत्याही खऱ्या मुलाला कॅमेऱ्यापुढे रडावे लागत नाही. एखाद्या दुःखी मुलाचे छायाचित्र छापले, की त्याचे दुःख चव्हाट्यावर येते. गावातील चार माणसे त्याच्याकडे बोट दाखवू लागतात. बाहुली त्याचे दुःख सांगते आणि त्याची लाजही राखते. दुसरा गुण असा, की बाहुलीचा चेहरा अगदी साधा असतो. मोठे डोके, वाटोळे डोळे आणि एक लहानशी रेघ म्हणजे तोंड. त्या साध्या चेहऱ्यात स्वित्झर्लंडच्या मुलाला आपला चेहरा दिसतो आणि नालासोपाऱ्याच्या मुलालाही आपलाच दिसतो. तिसरा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. मऊ मातीच्या बाहुल्यांवर कलावंताच्या बोटांचे ठसे कधी कधी पुसट दिसतात. त्या दुबळ्या जिवाला कोणीतरी हजारो वेळा हात लावला आहे, आणि प्रत्येक वेळी तो जपून लावला आहे, याची ती खूणच होय.

कीव आणि कळवळा यांत फार अंतर आहे. कीव करणारा उंचावर उभा राहून खाली पाहतो. तो "बिचारा!" म्हणतो आणि चालू लागतो. कळवळा असणारा मनुष्य खाली वाकतो, त्या मुलाच्या उंचीवर येतो, त्याचे नाव विचारतो, आणि त्याच्यात दुःखाखेरीज आणखी काय काय आहे, तेही पाहतो. कूर्झेटला सुरेख चित्रे काढता येतात. टोकरीतील मुलीच्या बोटांत कसब आहे. ही मुले नुसती दुःखी नाहीत. ती खोडकर आहेत, हुशार आहेत, क्वचित हट्टीही आहेत. त्यांना दया नको असते. त्यांची दखल घेतली जावी, एवढेच त्यांना हवे असते.

कठीण बालपण केवळ अनाथ किंवा गरीब मुलांच्याच वाट्याला येते, असेही नाही. गिलेर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांनी २०२२ साली 'पिनोकियो' ही प्रसिद्ध इटालियन कथा बाहुलीपटात नव्याने सांगितली. पुढील वर्षी तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. युद्धात आपला मुलगा गमावलेला एक सुतार लाकडाचा मुलगा घडवितो आणि त्याने हुबेहूब गेलेल्या मुलासारखे व्हावे, अशी अपेक्षा करू लागतो. लाकडाचा मुलगा आपल्या परीने धडपडतो. परंतु दुसऱ्या कोणासारखे होणे त्याला कसे साधावे? शेवटी बापाला आपली चूक उमगते. "तुझा दादा बघ, शेजारचा मुलगा बघ," असे उठता-बसता ऐकणाऱ्या मुलाचे दुःख भाकरीच्या दुःखाइतके मोठे नसेल; पण तेही दुःखच आहे, आणि भरल्या घरातही ते असू शकते.

आता पुन्हा आपल्या वसईकडे वळू. दिवाळी सरते, अंगणातील किल्ल्यांवरची हिरवळ वाळून जाते आणि मावळे पुढील वर्षासाठी खोक्यात जातात. नेमक्या त्याच सुमारास आपल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा या डोंगराळ तालुक्यांतून अनेक आदिवासी कुटुंबे पोटासाठी घरे सोडून निघतात. वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर ती पाऊस सुरू होईपर्यंत काम करतात. मुलेही आईबापांबरोबर येतात. तुमच्या किल्ल्याला लागते तशीच माती त्यांच्याही हातांत येते. परंतु त्यांच्यासाठी तो खेळ नसतो. आईबाप विटा थापतात आणि ही मुले धाकट्या भावंडांना सांभाळतात, पाणी आणतात, कच्च्या विटा उलटवतात. गावची शाळा मागे राहिलेली असते.

या मुलांकडे पाहण्यासाठी आपल्याच तालुक्यातील काही माणसे थांबली होती. भट्टीवरच्या मजुरांच्या खोपटाला 'भोंगा' म्हणतात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी स्थापन केलेल्या 'विधायक संसद' या संस्थेने भट्ट्यांवरच जाऊन या मुलांसाठी वर्ग भरविले. त्या शाळांना 'भोंगाशाळा' हे नाव मिळाले. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नाही, तर शाळेने मुलापर्यंत जावे, असा त्यामागील साधा विचार होता. पुढे देशात शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि २०१० सालापासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शाळेवर हक्क मानला गेला. कायदा झाला, ही मोठीच गोष्ट. परंतु कायद्याच्या कागदाला डोळे नसतात. अमुक भट्टीवर अमुक मुलगी शाळेविना आहे, हे कोणातरी माणसालाच पाहावे लागते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की आपल्या शाळांतून वर्षाकाठी एखादा तरी असा बाहुलीपट मुलांना दाखवावा. तो दाखविल्यावर लगेच परीक्षेतील प्रश्न विचारू नयेत. थोडा वेळ शांत बसू द्यावे आणि मग मुलांना बोलते करावे. जमल्यास मुलांनी स्वतःही एक करून पाहावा. आता पुष्कळ घरांत कॅमेरा असलेला भ्रमणध्वनी असतो. किल्ल्यावरचा एक मावळा आणि सुट्टीतील एक दुपार एवढ्या सामग्रीवर दहा सेकंदांचा चित्रपट सहज तयार होईल. त्यासाठी मावळ्याला शंभराहून अधिक वेळा हलवावे लागेल. तेवढ्या वेळा त्याच्याकडे पाहिल्यावर तो तुम्हाला पूर्वीसारखा बाजारातला साधा मावळा वाटणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

परंतु एक सावधगिरीचा शब्दही सांगितला पाहिजे. अंधारात बसून बाहुलीसाठी डोळे पुसणे सोपे असते. बाहेर आल्यावर ते अश्रू वाळून जातात, आणि दारात उभे असलेले खरे मूल आपल्याला पुन्हा दिसेनासे होते. असे झाले, तर कलावंताचे सारे श्रम वाया गेले, असेच म्हणावे लागेल. चित्रपट आपल्यासाठी काही करून दाखवीत नाही. तो केवळ डोळ्यांना वळण लावतो. त्या डोळ्यांनी पाहण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

ते काम फार मोठे असते, असे नाही. भर वर्षात वर्गात एखादी नवी मुलगी आली, तर तिला आपल्या बाकावर जागा द्यावी. जो मुलगा नेहमी मारामारी करतो, त्याच्या घरी काय चालले असेल, याचा एकदा तरी मनाशी विचार करावा. जो डबा आणत नाही, त्याला चारचौघांत कारण विचारू नये. आपला डबा मात्र उघडून मध्ये ठेवावा. कोणाचे दुःख आपल्या शक्तीबाहेरचे आहे असे दिसले, तर ते एखाद्या विश्वासाच्या मोठ्या माणसाच्या कानावर घालावे. आणि तुमच्यापैकी ज्याच्या स्वतःच्याच मनात वादळ असेल, त्यानेही ते लपवून ठेवू नये; ऐकणारे एखादे माणूस शोधावे. ते सापडतेच.

वसई रोडची ती मुलगी मला पुन्हा भेटली नाही. ती आता मोठी झाली असेल. परंतु त्या गाडीने मी आजही जाते, आणि कोणी लहान मूल बाकापुढे येऊन उभे राहिले, की हातातले पुस्तक मिटते. कधी काही विकत घेते, कधी घेत नाही. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहते, त्याचे नाव विचारते आणि शाळेची चौकशी करते. कित्येकदा ते मूल आधी चकित होते आणि मग बोलू लागते. बाहुलीचे एक पाऊल पुढे पडावे म्हणून कलावंत जर चोवीस वेळा थांबू शकतो, तर एका जित्याजागत्या मुलासाठी आपल्याला एकदा थांबता येऊ नये काय?